भाव उतरल्यावर

मध्यंतरी एका रात्री मला ईमेल आला की माझ्या विशलिस्टमधल्या एका व्हिडिओ गेमवर ७५ टक्के सवलत सुरू झाली आहे. या गेमची मी पुष्कळ दिवस वाट पाहत होते. त्याचा ट्रेलर पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून त्यातला पावसाने निथळणारा दीपस्तंभ, लाकडी जिना चढताना पायाखाली होणारी करकर आणि मागे कुठेतरी थबकत वाजणारा पियानो माझ्या मनात घर करून बसला होता. पूर्ण किमतीला तो घ्यावा की घेऊ नये याचा विचार मी अनेकदा केला होता आणि दर वेळी तो पुढच्या महिन्यावर ढकलला होता. आता जुनी किंमत खोडलेली होती, शेजारी हिरव्या चौकटीत सवलतीचा आकडा ठळक दिसत होता आणि नवी किंमत इतकी कमी होती की ती देताना फारसा विचार करावा लागू नये. मी त्या पानाकडे बराच वेळ पाहत बसले. पैशाची अडचण नव्हती, वेळही होता, तरीही हात पुढे झाला नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की किंमत जेवढी उतरली होती, जवळजवळ तेवढीच माझी ओढही उतरल्यासारखी वाटत होती. पान बंद करून मी झोपायला गेले, पण प्रश्न काही पाठ सोडेना. महाग असताना हवाहवासा वाटणारा गेम स्वस्त झाल्यावर परका का वाटावा?

सर्वसाधारण हिशेब तर याच्या उलट आहे. भाव उतरला की गिऱ्हाईक वाढते, आणि गेमच्या बाबतीत ते इतके वाढते की विकणारेही चकित झाले होते. स्टीम हे संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल यांनी २००९ मध्ये एका परिषदेत आपले अनुभव मांडले, तेव्हा ७५ टक्के सवलतीच्या गेमचे उत्पन्न १,४७० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी सांगितले होते. हे उत्पन्न होते, नुसती विकल्या गेलेल्या प्रतींची संख्या नव्हे. पण मला त्याहून अधिक विचार करायला लावले ते त्यांनी २०११ मध्ये सांगितलेल्या दुसऱ्या एका प्रयोगाने. कोणालाही न सांगता, कुठेही जाहिरात न करता त्यांनी एका गेमची किंमत खालीवर करून पाहिली. किंमत उतरली की प्रती जास्त खपत आणि चढली की कमी खपत, पण एकूण जमा होणारी रक्कम जवळपास तेवढीच राही. पुढे त्यांनी गाजावाजा करून ७५ टक्क्यांची सवलत जाहीर केली. आधीच्या अनुभवावरून उत्पन्न तेवढेच राहायला हवे होते, पण ते चाळीस पट झाले.

गुपचूप कमी झालेली किंमत आणि सगळ्यांच्या देखत कमी झालेली किंमत, यांत एवढे अंतर होते.

हे वाचल्यापासून सवलतीच्या पानाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिथे खोडलेला आकडा मुद्दाम वाचता येईल असाच खोडलेला असतो. तो वाचल्यावाचून पुढचा आकडा स्वस्त ठरत नाही. गेम चांगला आहे का, आपल्या स्वभावाला मानवणारा आहे का, या कठीण प्रश्नांना उत्तर देण्याऐवजी मन एक सोपी वजाबाकी करते आणि त्या वजाबाकीचे उत्तर हाच आपला लाभ असे धरून चालते. त्यातच सवलत अमुक दिवशी संपेल ही सूचना असतेच. पूर्वी याच दुकानात काही तासांपुरत्या सवलती असत, तेव्हा जाणकार मंडळी एकमेकांना बजावत की शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, कदाचित याहून खाली येईल. म्हणजे गेम विकत घेणे हाच एक वेगळा खेळ होऊन बसला होता. त्यात निरीक्षण होते, संयम होता, पैज जिंकल्याचा आनंदही होता. माझ्या एका मैत्रिणीला तिची गेमची लायब्ररी वरून खाली सरकवताना मी पाहिले आहे. रंगीत मुखपृष्ठे एकामागून एक जात राहतात, मधेच ती एखाद्यापाशी थांबते, ‘हा किती स्वस्तात मिळाला होता’ असे कौतुकाने सांगते आणि पुढे सरकते. तो गेम कशाबद्दल आहे हे तिला सांगता येत नाही, पण तो केवढ्याला पडला हे मात्र अचूक आठवते.

माझ्या लहानपणी याच्या अगदी उलट होते. गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या प्लॅस्टिकच्या डबीत, येत आणि कार्ट्रिज महागच असे, कारण तिच्यात मेमरी चिप बसवलेली असे आणि प्रत्येक प्रतीसोबत त्या चिपचा खर्च पुन्हा नव्याने करावा लागे. सीडी आली तेव्हा छपाईचा खर्च एकदम खाली आला आणि पुढे डाउनलोडमुळे तो जवळपास नाहीसाच झाला. पण आमच्या हातात आली ती कार्ट्रिज. ती मला आणि माझ्या भावाला मिळून एकच मिळे आणि दुसरी कधी मिळेल याची खात्री नसे. खोक्यातली माहितीपुस्तिका आम्ही गेम सुरू करण्याआधी वाचून काढत असू. तिच्या गुळगुळीत कागदाला शाईचा उग्र वास येई आणि आतली शत्रूंची चित्रे पडद्यावरच्या ठिपक्यांपेक्षा कितीतरी भयानक असत. त्या गेममध्ये एका पुलाच्या पलीकडे एक राक्षस होता, जो आम्हाला काही केल्या हरवता येईना. आज वाटते की तो भाग वाईटच रचलेला होता. उडी मारल्यावर नायक किंचित उशिरा हले आणि तेवढ्यात घाव बसे. पण तेव्हा गेम वाईट आहे ही शक्यता आमच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. आम्ही त्या उशिराचा अंदाज घेतला, पुलाच्या कोणत्या फळीवरून उडी मारायची ते ठरवले आणि धबधब्याच्या आवाजाची आवर्तने मोजून घाव चुकवायला शिकलो. त्या गेमचा एकही कोपरा आम्हाला अनोळखी राहिला नाही. आज आठवण काढताना तो मला उत्तम गेम वाटतो, आणि तो खरोखर किती उत्तम होता व आमच्या चिकाटीने त्याला किती उत्तम केले हे मला वेगळे काढता येत नाही.

किंमत आपल्याकडून पैशाखेरीज आणखीही काही घेते असे मला वाटते, आणि ते म्हणजे धीर. ज्याच्यासाठी खिशाला चाट बसली आहे त्याला आपण सवड देतो. पहिले दोन तास कंटाळवाणे गेले तरी पुढे काहीतरी असेल असे समजून चालतो, अवघड जागी हरल्यावर पुन्हा कंट्रोलर उचलतो. ज्याच्यासाठी काहीच गेले नाही त्याला काही मिनिटांत निकाल ऐकवतो. खर्च केला म्हणून वाईट वस्तूला चिकटून राहण्यात शहाणपण नाही हे अर्थशास्त्राचे म्हणणे मला मान्य आहे, तरी गेम ही अशी वस्तू आहे की जिचा आनंद बऱ्याचदा चिकटून राहिल्यावरच हाती लागतो. हाताला एखादी हालचाल बसायला वेळ लागतो आणि ती बसेपर्यंत गेम सुरूच झालेला नसतो. स्टीमने जून २०१५ पासून पैसे परत करण्याची सोय केली. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. ग्राहक म्हणून मला ही सोय अत्यंत न्याय्य वाटते. तिच्यामुळे अनोळखी गेम घेण्याची भीती कमी झाली हेही खरे. पण तिसऱ्या तासाला उमलणाऱ्या गेमचे पुढे काय होते, हा विचार मनात येतोच.

फोनवर तर या धीराची गणितेच बदलली. २००९ च्या अखेरीस अँग्री बर्ड्स ९९ सेंटना मिळू लागला आणि फोनवरच्या गेमची किंमत एवढीच असायची असे लोकांच्या मनात ठसत गेले. पुढे तीही नको झाली. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०११ मध्येच गेम बनवणाऱ्यांसमोर बोलताना अशा किमतींमुळे गेमचे मोल टिकेल का, अशी काळजी व्यक्त केली होती. त्यांच्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये सुपर मारिओ रन फोनवर आणला, तेव्हा सुरुवातीचे काही टप्पे मोफत आणि उरलेला सगळा गेम एकदाच सुमारे १० डॉलर भरून, असा सरळ व्यवहार ठेवला. मारिओसारखे नाव, टीव्हीला जोडायच्या कन्सोल या यंत्रावरच्या गेमच्या मानाने किंमत कितीतरी कमी, आणि पुढे काही मागणे नाही. तरीही डाउनलोड करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पैसे भरले, आणि अनेकांनी केवळ पैसे मागितले म्हणून रागाने एक तारा देऊन ठेवला. याच कंपनीचा फायर एम्ब्लेम हीरोज हा फुकट मिळणारा आणि आत सोडतीसारखी पात्रे विकणारा गेम मात्र मारिओहून अधिक कमावून गेला. जो गेम प्रामाणिकपणे दारातच किंमत सांगत होता त्याला लोकांनी महाग म्हटले, आणि जो सांगत नव्हता त्याच्यावर लोक खर्च करत राहिले.

या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते.

किंमत न सांगण्याचे हे तंत्र हळूहळू घडत आले. एल्डर स्क्रोल्स मालिकेतल्या ऑब्लिव्हियनसाठी २००६ मध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरना विकायला ठेवले, तेव्हा केवढी ओरड झाली होती. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये घोड्याच्या शोभेसाठी पुन्हा पैसे मागणे लोकांना अपमानास्पद वाटले, पण ते विकत घेणारेही निघाले. २०११ मध्ये टीम फोर्ट्रेस २ पूर्णपणे मोफत झाला आणि टोप्या-हत्यारे विकून चालू लागला. २०१७ नंतर फोर्टनाइटच्या मोफत लढाईने ही रीत घराघरांत पोहोचवली. अशा गेममध्ये किंमत बहुधा नाण्यांत, रत्नांत किंवा स्फटिकांत सांगितलेली असते. नाणी ज्या गठ्ठ्यांत मिळतात आणि वस्तू ज्या आकड्यांना विकल्या जातात ते बऱ्याचदा जुळत नाहीत, त्यामुळे थोडी नाणी उरतात आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा गठ्ठा घ्यावासा वाटतो. तिथे घ्यावे की न घ्यावे हा निर्णय एकदा शांतपणे करायचा नसून हरलेल्या, चिडलेल्या, मित्रांच्या नजरेत मागे पडलेल्या मनाने पुन्हापुन्हा करायचा असतो. यात चांगले काहीच नाही असे मी म्हणणार नाही. जवळ पैसे नसलेले मूलही त्या मैदानात उतरू शकते, आणि निव्वळ शोभेच्या वस्तू विकणारे गेम खेळाच्या न्यायाला धक्का लावत नाहीत. पण पूर्ण किंमत एकदाच मोजून आत गेल्यावर जी निर्धास्त मोकळीक मिळते ती या गेममध्ये मला कधी लाभली नाही.

किमतीवरून होणाऱ्या वादांत सर्वांत खटकणारा युक्तिवाद मला तासांचा वाटतो. इतके पैसे आणि खेळायला किती तास, असा भागाकार करून गेम तोलण्याची सवय फार पसरली आहे. जोनाथन ब्लो यांचा ब्रेड २००८ मध्ये १५ डॉलरना आला तेव्हा डाउनलोड करून घ्यायच्या छोट्या गेमसाठी ही किंमत जास्त आहे म्हणून तक्रारी झाल्या. गॉन होम हा २०१३ चा गेम तर दोन-तीन तासांत संपतो म्हणून २० डॉलर हा अन्याय आहे असे कितीतरी जणांनी लिहिले. एका रिकाम्या घरात फिरायचे, खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या आणि त्यांतून एका कुटुंबाचे दुखणे उलगडत जायचे, एवढाच तो गेम आहे. तो याहून लांबला असता तर घराची ती कोंडलेली शांतता विरून गेली असती. अडचणीच्या दिवसांत माणूस हा भागाकार करतो, त्याला मी नावे ठेवणार नाही. ज्याला वर्षातून एखादाच गेम घेता येतो त्याने तो महिनोन्‌महिने पुरावा अशी अपेक्षा धरणे रास्त आहे. मात्र या भागाकाराला भिऊन निर्माते गेममध्ये रिकामी मैदाने आणि तीच ती कामे भरू लागले आहेत, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांना ती भर महागात पडते आहे.

माझा भाचा शिकतो आहे आणि त्याच्याशी माझे या विषयावर नेहमी वाजते. सवलतींनी गेमची किंमत गेली असे मी म्हटले की तो म्हणतो, “मावशी, तुला पूर्ण किंमत परवडते म्हणून तुला तिचं कौतुक. सेल नसते तर मी यांतला एकही गेम खेळलो नसतो.” यावर माझ्याकडे उत्तर नसते, कारण तो बरोबर आहे. वर्ल्ड ऑफ गू या गेमच्या निर्मात्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये वर्षपूर्तीनिमित्त एरवी २० डॉलरचा असलेला गेम ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून खुला केला. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी तो घेतला, सरासरी दोन डॉलरच्या आसपास पडली, आणि कितीतरी जणांनी फक्त एक सेंट दिला. निर्मात्यांनी लोकांना कारणही विचारले होते, आणि सध्या एवढेच परवडते असे सांगणारे पुष्कळ निघाले. एका सेंटकडे पाहून कोणाला चीड येईल, पण मला त्या आकड्यात माझ्या भाच्यासारखी अनेक मुले दिसतात. पुढच्याच वर्षी निघालेल्या पहिल्या हंबल बंडलमध्ये, म्हणजे वाटेल त्या किमतीला मिळणाऱ्या गेमच्या गठ्ठ्यात, तर आपल्या पैशांतला किती वाटा निर्मात्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना जावा हे घेणाऱ्यानेच ठरवायचे होते, आणि त्यात लिनक्स ही, जिच्यासाठी गेम क्वचितच निघत अशी, संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी इतरांपेक्षा सरासरीने अधिक पैसे दिले. आपल्यासाठी मुद्दाम कोणीतरी गेम आणतो आहे हे कळल्यावर माणूस आपणहून जास्त देतो, हे मला फार मोलाचे वाटले.

किंमत रास्त आहे की नाही हे आपण बहुधा शेजारच्या किमतीवरून ठरवतो, त्यामागच्या श्रमांवरून नव्हे. मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून २०२० पर्यंत ६० डॉलरवर थांबली होती. महागाई धरली तर ती दर वर्षी थोडी थोडी स्वस्तच होत होती, पण ७० हा आकडा दिसताच लोकांना तो घाव वाटला. २०२५ मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलरना आला. त्याच वर्षी द आउटर वर्ल्ड्स २ ची जाहीर केलेली ८० डॉलरची किंमत ओरड झाल्यावर पुन्हा ७० करावी लागली. आणि सप्टेंबरमध्ये वर्षानुवर्षे प्रतीक्षा असलेला हॉलो नाइट: सिल्कसाँग अवघ्या २० डॉलरना आला, तेव्हा खरेदीदारांच्या गर्दीने ऑनलाइन दुकाने कोलमडली. खेळणारे आनंदले, पण काही छोट्या निर्मात्यांनी चिंता बोलून दाखवली की आता आमच्या गेमला २० डॉलर मागितले तर लोक म्हणतील, सिल्कसाँग एवढ्याला मिळतो, मग हा का? त्यांची भीती मला अनाठायी वाटली नाही. ज्या गेमच्या पाठीशी आधीच्या गेमचे लाखो चाहते उभे आहेत त्याला कमी किंमत परवडते. नवख्याला त्याच किमतीत थोड्याच लोकांकडून पोट भरायचे असते.

त्या रात्रीच्या प्रश्नाकडे पाहताना आता वाटते की माझ्या इच्छेत त्या किमतीचाही वाटा होता. पूर्ण किमतीला तो गेम घ्यायचा म्हणजे त्याच्यासाठी संध्याकाळी मोकळ्या ठेवायच्या, दिवे मंद करायचे, फोन बाजूला ठेवायचा, असे मी मनात ठरवून टाकले होते. भाव उतरला तेव्हा त्या तयारीची गरजच उरली नाही आणि गेम त्या लांबलचक यादीतल्या इतर स्वस्त गेमसारखा दिसू लागला. म्हणूनच की काय, फॅक्टोरिओ या कारखाना उभारण्याच्या गेमच्या निर्मात्यांचा हट्ट मला पटतो. प्राग शहरातली वूब सॉफ्टवेअर ही कंपनी आपला गेम कधीच सवलतीत देत नाही आणि ते उघडपणे सांगते. २० डॉलरचा तो गेम २०१८ मध्ये ३० चा झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये महागाईचे कारण देऊन ३५ चा. नमुना म्हणून खेळायला छोटा मोफत भाग आहे. तो आवडला तर घ्यावा, नाहीतर घेऊ नये. आज घेणाऱ्याला उद्या पस्तावावे लागत नाही. माझ्या भाच्याने तो मोफत भाग माझ्याच संगणकावर खेळून पाहिला. लोखंडाच्या खाणीपासून भट्टीपर्यंत पट्टा कसा न्यायचा यात तो इतका गुंगला की त्याला जेवायला उठवावे लागले. मग त्याने सवयीने किमतीचा मागचा इतिहास काढला, सेल कधी लागतो ते शोधले, आणि कधीच लागत नाही हे कळल्यावर थोडा वेळ चिडून बसला. मी त्याला तो भेट म्हणून देऊ केला, पण त्याने नको म्हटले. मध्ये एक-दोन सेल येऊन गेले, त्यांत त्याने काहीही घेतले नाही, कारण तो ३५ डॉलर साठवतो आहे. ते जमले की आम्ही दोघे मिळून एकाच नकाशावर कारखाना उभारणार आहोत, आणि खाणीचे काम माझ्याकडे राहील असे त्याने आताच ठरवून ठेवले आहे.